पार्वताबाईच्या कॅसेटीतली नावं

पार्वताबाईचा फोटो तुम्ही कॅसेटीवर पाहिला असेल, तर तो पार्वताबाईचा नाही. गुलाबी साडी, कपाळावर चंद्रकोर, हातात खंजेरी उलटी धरलेली, अशी जी बाई त्या कव्हरावर हसते, ती कोण हे कंपनीच्या शेटलाही सांगता आलं नाही. कुठल्याशा कॅलेंडरातून उचलली होती म्हणे. खरी पार्वताबाई काळी, उंच, हाडापेरानं मोठी, पुढचा एक दात अर्धा पडलेला. ती त्या फोटोसारखी हसली असती तर आम्हाला सगळ्यांना काळजी लागली असती.

हे आधीच सांगून टाकतो, कारण आता पोरं मोबाईलवर तिची गाणी लावतात आणि वर तोच फोटो येतो. मी कितीदा सांगितलं, कोणी ऐकत नाही. मी शिकलेला माणूस नाही, शाळा चौथीत सुटली ती सुटली. पण पार्वताबाईला मी जितकं पाहिलं तितकं त्या मोबाईलवाल्यांनी पाहिलेलं नाही. दर्यापूर ते अकोला, दर्यापूर ते अमरावती, अंजनगाव, परतवाडा, जिथं तिचं भजन तिथं माझी जीप. बाकी दिवस मी पाशिंजर भरायचो. तिचा निरोप आला की पाशिंजर उतरवून द्यायचो. त्यावरून स्टँडवर भांडणंही झाली. झाली तर झाली.

ती येवद्याजवळच्या खेड्यातली. घरी कपाशीचं वावर, नवरा किसनराव. किसनराव पेटी वाजवायचा आणि त्याशिवाय दुसरं काही करायचा नाही, बोलणंसुद्धा नाही. मागं झील धरायला, म्हणजे ओळीचं शेवटचं टोक उचलून धरायला, दोन बाया. पार्वताबाई मधे बसून गाणार आणि खंजेरीही तीच वाजवणार. खंजेरी म्हणजे वीतभर लाकडी कडं, एका बाजूला कातडं, कडेला पितळी चकत्या. एवढीशी वस्तू, पण तिच्या हातात ती आली की देवळासमोरचे कुत्रे उठून दूर जाऊन बसत.

गाडीत ती बोलायची नाही. धूळ गळ्यात जाते म्हणून पदर तोंडाला लावायची आणि दर्यापूर सुटलं की गप्प. काही सांगायचं असेल तर मांडीवरच्या खंजेरीवर बोट मारायची. एक टिचकी म्हणजे थांबवा, दोन म्हणजे चला. एसटीच्या घंटीसारखं. मला आधी राग यायचा, मी काय तिचा ड्रायव्हर आहे का असं वाटायचं. मग लक्षात आलं, ड्रायव्हरच आहे.

गाण्याआधी लोक मध चाटतात, गरम पाणी पितात. ही ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खायची, वरून कपभर चहा. कोणी म्हटलं, बाई, गळ्याले त्रास होईन, तर म्हणायची, "गळ्याले माहीत पाह्यजे आपन कोनाच्या घरी हाओ ते."

आता एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आमच्याकडे भजन चालू असताना ऐकणाऱ्याला एखादी ओळ लागली की तो उठतो, पुढं जातो आणि नोट गाणाऱ्याच्या पुढ्यात ठेवतो. कानात आपलं नाव-गाव सांगतो. गाणारा आहे त्या शब्दावर थांबतो, त्याचं नाव घेतो, बक्षीस सांगतो, मंडळ आभारी आहे म्हणतो, खंजेरीवर थाप मारतो आणि सोडलेल्या शब्दावरून पुढं जातो. शहरातल्या माणसाला हे मधेच थांबणं खटकतं. आम्हाला न थांबलेलं खटकतं.

पार्वताबाई या बाबतीत फार कडक होती. नोट छोटी की मोठी हे तिनं कधी पाहिलं नाही, पण नाव चुकलं तर गाणं थांबवून पुन्हा घ्यायची. एकदा एका म्हाताऱ्यानं नोट ठेवली आणि नाव न सांगताच जाऊन बसला. तिनं अख्ख्या मांडवाला थांबवलं, नाव सांगेपर्यंत पुढं गायली नाही. "नोट कागदाची हाये," म्हणाली, "नाव मानसाचं हाये. नाव घेतल्याबिगर नोट ठेवली तं ते चोरी व्हते."

अमरावतीच्या एका शेटनं तिला भजनाच्या स्पर्धेत ऐकलं आणि कॅसेट काढू म्हणाला. राजकमल चौकाजवळच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर त्याचा स्टुडिओ. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, मधे काच, काचेमागं मशीनवाला, आणि मशीन तापू नये म्हणून गार हवा सोडलेली. पार्वताबाईला आत एकटीला बसवलं, कानावर ते डबे चढवले, आणि लाल दिवा लागला की गा म्हणून सांगितलं. लाल दिवा लागला. ती काही गाईना. पुन्हा लावला. गाईना. शेट आत आला, काय झालं बाई.

"भिताडाले गाऊ का मी?" तिनं विचारलं.

शेट म्हणाला, समोर लोक बसले आहेत असं समजा.

"समजाले मी काय बह्याड हाओ? लोकं आना."

शेवटी लोक आणले. मी होतोच. किसनराव आणि झील धरणाऱ्या बाया बाहेरच्या खोलीत बसवले होते, ते सगळे आत आले. खालच्या मजल्यावरचा शिंपी आला. चहावाला गुलाबराव किटली घेऊन उभा होता, त्यालाही बसवलं. सगळ्यांना सांगितलं, खोकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही. त्यात गार हवेनं खंजेरीचं कातडं सैल पडलं, भद्द वाजायला लागली. गावाकडे आम्ही ती शेकोटीवर धरतो. इथं शेकोटी कुठून आणणार. तेव्हा मी खाली गेलो, जीप चालू केली, बॉनेट तापू दिलं आणि खंजेरी त्याच्यावर ठेवली. कातडं ताठ झालं की पळत वर. दर गाण्याला हे करावं लागलं. त्या कॅसेटीवर पेटीवाल्याचं नाव आहे, झील धरणाऱ्यांचं आहे, जीपचं नाही. असो.

मग ती गायली. तिनं स्वतःच जुळवलेलं एक भजन होतं:

दार उघडं ठेवलं बापा, कुलूप कायले लावू
तूच पाव्हना, तूच चोर, कोनाले मी भेऊ

दुसरी ओळ तिसऱ्यांदा आली आणि गुलाबराव उठला. मला दिसलं तो उठतो आहे, पण धरणार कसा, हलायचं नव्हतं. त्यानं किटली खाली ठेवली, टोपीतून पाचाची नोट काढली, तिच्या पुढ्यात ठेवली, कानाशी वाकला. पार्वताबाई 'कोनाले' या शब्दावर थांबली.

"गुलाबराव चहावाले, मुक्काम भातकुली, यांच्याकडून मंडळाले पाच रुपये बक्षीस. मंडळ आभारी आहे." खंजेरीवर थाप. आणि लगेच पुढं, "मी भेऊ."

काचेमागं मशीनवाल्यानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. शेट धावत आला. म्हणे बाई, ये क्या कर दिया, पूरा टेप खराब. तिला कळेना खराब काय झालं. माणूस उठला, याच्याहून चांगलं काय व्हायचं असतं. शेट म्हणाला तेवढं नाव कापून टाकतो. तेव्हा ती उठून उभी राहिली, आणि मी सांगितलं ना ती उंच होती.

"नाव कापाचं असन तं त्याची नोट वापस करा," ती म्हणाली. "आन ठेवलेली नोट वापस घेत नाई कोनी. इचारा त्याले."

गुलाबरावाला विचारलं. तो किटली उचलून दाराबाहेर निघून गेला. तोवर जिन्यात कव्वालीवाले येऊन बसले होते, त्यांची वेळ झाली होती. शेटनं कपाळाला हात लावला आणि तसंच राहू दिलं.

ती कॅसेट अशी चालली की काय सांगू. प्रत्येक काळीपिवळीत, प्रत्येक पानठेल्यावर, जिनिंगच्या फाटकावर. लोकांनी बायकांच्या गाण्यांच्या कॅसेटी आधीही ऐकल्या होत्या, पण हिच्यात आपल्याच देवळासमोर बसल्यासारखं वाटायचं. माझ्या गाडीत पाशिंजर गप्पा मारत असत, आणि ते 'कोनाले' आलं की गप्प होत. सगळ्यांना पुढचं नाव पाठ. सगळे मिळून म्हणत, गुलाबराव चहावाले, मुक्काम भातकुली. खेड्यावरून अमरावतीला कचेरीच्या कामाला आलेले लोक वाट वाकडी करून त्याच्या ठेल्यावर चहा प्यायला जात. त्यानं केसाला तेल लावायला सुरुवात केली.

शेट व्यापारी माणूस. दुसऱ्या कॅसेटीच्या वेळी त्यानं दुकानदारांच्या नावांची यादी करून आणली. हे साडीवाले, हे भांडेवाले, प्रत्येक गाण्यात दोन नावं घ्या. पार्वताबाईनं यादी परत दिली. गाणं ऐकून माणूस उठला पाहिजे, म्हणाली, न उठलेल्याचं नाव मी कसं घेऊ. शेट म्हणाला, बरं, मग आणतो ऐकायला. आणि खरंच साडीवाल्या शेटजींना घेऊन आला. जाड माणूस, दुपारचं जेवून आलेला. त्याला खुर्ची दिली. गार हवा, गाद्या ठोकलेली खोली आणि पार्वताबाईचं संथ भजन. पहिल्या कडव्यात त्याची मान छातीवर आली. नोट हातात तशीच.

आम्ही सगळे तिच्याकडे पाहतो. ती त्याच्याकडे पाहते. आणि बरोबर जागा पाहून थांबली.

"साडीवाले शेटजी झोपले आहेत. उठले की नाव घेऊ. मंडळ वाट पाहून राहिलं." थाप.

तेही कॅसेटीत गेलं. शेटनं कापायचं ठरवलं होतं, पण मशीनवाला हसून हसून खुर्चीतून उतरला होता, त्यानं कापलं नाही. साडीवाल्याला मात्र राग आला नाही. लग्नसराईत गावोगावच्या बाया दुकानाच्या पायरीवर विचारायच्या, झोपणारे शेटजी ते हेच का. आणि साड्या घेऊन जायच्या.

माझं नाव मात्र कुठल्याच कॅसेटीत नाही. ती मला दर दिवाळीला चिडवायची, "शालिकभाऊ, तुमचं नाव राह्यलं." माझं ठरलेलं उत्तर होतं, गाडीवाला बक्षीस देत नसते बाई, गाडीवाला भाडं घेते. मंडळाच्या माणसानं मंडळाला नोट द्यायची म्हणजे आपल्याच ताटात आपण वाढून वा म्हणायचं. मला ते पटत नव्हतं, आणि न पटलेलं मी करत नाही. ती म्हणायची, "पाहू. एक दिवस उठसान तुमी."

अंजनगाव सुर्जीची गोष्ट सांगितली पाहिजे. पोळ्याची कर होती. बाजाराच्या मैदानात मांडव, मोठं बॅनर, आणि बॅनरवर ती गुलाबी साडीवाली. आम्ही गाडी लावली, मी खंजेरी बॉनेटवर ठेवली. तिथल्या उत्सव मंडळाचा अध्यक्ष आला, गळ्यात दुपट्टा घातलेला तरणा माणूस. त्यानं गाडीत डोकं घालून पाहिलं आणि विचारलं, पार्वताबाई कुठी हाये? मी म्हटलं हेच. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बॅनरकडे.

"हे नाई," म्हणाला. "आमाले बह्याड समजता का? असली पार्वताबाई आना, नाई तं गाडी वापस घ्या."

माझं डोकं फिरलं. मी किल्ली फिरवली. मी तसाच निघून गेलो असतो आणि आयुष्यात अंजनगावचं पाशिंजर घेतलं नसतं. पण टण्. बॉनेटवर ठेवलेल्या खंजेरीवर एक टिचकी. थांबवा. ती गाडीतून कधी उतरली हे मला दिसलंच नव्हतं. किसनरावानं काही न विचारता पेटी काढून शेजारच्या चहाटपरीच्या बाकावर ठेवली.

अध्यक्षाकडे तिनं पाहिलंही नाही. मैदानाकडे तोंड केलं आणि जीपला टेकून, माईक नाही काही नाही, सुरू केलं. दार उघडं ठेवलं बापा. मांडवातला गोंगाट पुढच्या सतरंजीपासून मागं मागं थांबत गेला. पुढं एक म्हातारी बसली होती, डोळ्यांत मोतीबिंदू, पांढरं धुकं. तिला बॅनर दिसत नव्हतं आणि आम्हीही दिसत नव्हतो. ती आवाजाकडे तोंड करून म्हणाली, "आली व माय. पार्वता आली."

मग अध्यक्ष हार घेऊन आला. पार्वताबाईनं हार हातात घेतला, वजन केल्यासारखा पाहिला, आणि त्याला परत देऊन म्हणाली, हा त्या बॅनरवालीले घाला, ते कवाची उभी हाये. आणि जाऊन गायला बसली.

येताना गाडीत नेहमीप्रमाणं एक शब्द नाही. घरासमोर उतरल्यावर मात्र ती खिडकीशी आली. "बरं झालं शालिकभाऊ," म्हणाली. "तोंड कोनाचं बी लावा. गळा तं माहाच हाये."

कॅसेटी निघाल्या तितक्या निघाल्या. मग लोकांकडे सीडीची मशीनं आली, मग मोबाईलमधे चिप टाकून सगळ्यांची सगळी गाणी एकदम मिळायला लागली. शेटनं स्टुडिओतल्या गाद्या काढल्या आणि तिथं मोबाईलची कव्हरं विकायला बसला. गुलाबराव गेला. किसनराव गेला, जसा जगला तसाच, न बोलता. पार्वताबाई गातच राहिली, देवळात, तेरवीला, कोणी बोलावलं तिथं. माझ्या जीपचं वय झालं, पाशिंजर बंद केलं. पण जीप विकली नाही आणि तिच्यातला कॅसेटचा टेपही काढला नाही. पोरगा म्हणतो भंगारात द्या. मी म्हणतो मला आधी दे.

गळ्याची गाठ तिनं किती दिवस पदराखाली लपवली ते तिलाच माहीत. आधी सुपारीएवढी होती म्हणे. दर्यापुरात एका सप्त्यात ती गात होती, मी खांबाला टेकून बसलो होतो. वरच्या सुरात चढली आणि मधेच थांबली. आम्ही सगळे मागं वळून पाहायला लागलो, कोण उठलं, कोणाची नोट आली. कोणीच उठलेलं नव्हतं. ती तोंड उघडं ठेवून श्वास शोधत होती. झील धरणाऱ्या बायांनी कसंबसं गाणं पुरं केलं.

तिची सून मंगला चांगली पोरगी. तिनं आणि मी मिळून बाईला अकोल्याला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं नीट समजावलं. गाठ वाढते आहे, पुढं श्वास अडवेल, काढावी लागेल. पण आवाजाची शीर तिला चिकटून जाते. बहुतेकांचा आवाज राहतो, काहींचा नाही राहत, मी वचन देऊ शकत नाही. पार्वताबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावर एक टिचकी मारली. थांबवा. आणि उठून बाहेर आली.

घरी येऊन बसली ती बसली. मंगला रडली, भांडली, उपयोग नाही. तेवढ्यात अमरावतीहून एक माणूस माईक घेऊन आला. भला माणूस होता, त्याला कुठून तरी कळलं होतं. म्हणाला, ऑपरेशनच्या आधी सगळी गाणी एकदा भरून ठेवू, आठवण राहील. पार्वताबाईनं त्याला चहा पाजला, चिवडा दिला, आणि मग म्हणाली, "मेल्यावरचं माप आताच घेऊन राह्यले का गा तुमी?" तो बिचारा माईक न उघडता गेला.

तो गेल्यावर ओट्यावर आम्ही दोघंच होतो. गाण्यात ती देवाला विचारायची, कोनाले मी भेऊ. त्या दिवशी ती भ्यालेली मी पहिल्यांदा पाहिली.

"माहा फोटो तं कुठीच नाई, शालिकभाऊ," ती म्हणाली. "गळा गेला तं मी कोन? मी मेली तं लोकं म्हनतीन, ते गुलाबी साडीवाली मेली."

मी म्हटलं, सकाळी गाडी आणतो. आणि सकाळी गाडी नेऊन दारात उभी केली आणि हॉर्न वाजवत राहिलो. शेजारी बाहेर आले, तरी वाजवत राहिलो. शेवटी ती लुगड्याची घडी घेऊन बाहेर आली, माझ्याकडे अशी पाहत की मी तिचं काही चोरून नेतो आहे. पुढं बसली. खंजेरी आणली नाही.

ऑपरेशन झालं. गाठ तपासायला गेली आणि साधी निघाली. मंगलानं मला ते दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं आणि आम्ही दोघं तिथंच पायरीवर बसलो. मग डॉक्टरनं नळीतून गळ्यात पाहिलं, म्हणाला दोन्ही बाजू हलतात, चांगलं आहे, आता बोला आजी. आजी बोलल्या नाहीत. खाटेच्या लोखंडी दांड्यावर एक टिचकी.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पाणी पाहिजे असेल तर बोट दाखवायची, नको असेल तर टिचकी. आ म्हणा, ई म्हणा, टिचकी. डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं, काका, त्यांनी आता आवाज काढायला पाहिजे, गप्प राहिल्या तर गळा आळसावेल. त्या भितात. मला ते डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती. जोवर बोलत नाही तोवर आवाज आहेच, असं तिचं चाललं होतं. दार उघडून पाहायलाच तयार नव्हती.

मी जीप काढली आणि सरळ तिच्या घरी गेलो. देवघराजवळ खुंटीवर खंजेरी होती, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली. ती घेऊन परत अकोल्याला. दवाखान्याच्या आवारात जीप चालूच ठेवली, बॉनेट उघड्या हातानं तपासलं आणि खंजेरी वर ठेवली. तिथला वॉचमन आला, काका इथं काय शिजवून राह्यले. मी म्हटलं कातडं. तो गेला.

वॉर्डात सहा-सात खाटा होत्या, सगळ्यांचे नातेवाईक डबे उघडून बसले होते. मी खंजेरी पार्वताबाईच्या मांडीवर ठेवली. तिनं आपोआप अंगठा फिरवला. ताठ वाजली. ती हसली, अर्ध्या दातानं.

मग मी दोन पावलं मागं गेलो. खिशातून दहाची नोट काढली. पुढं आलो, नोट खंजेरीवर ठेवली, कानाशी वाकलो आणि म्हटलं, "शालिकराम ठोंबरे. मुक्काम दर्यापूर." आणि मांडवात उभं राहतात तसा हात बांधून उभा राहिलो.

तिनं नोटेकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. बोटानं नोट माझ्याकडे सरकवली.

मी म्हटलं, "ठेवलेली नोट वापस घेत नाई कोनी."

मंगला काहीतरी बोलणार होती, मी तिला हातानं थांबवलं. पार्वताबाईनं खिडकीकडे पाहिलं, मग पुन्हा नोटेकडे. गळ्याला पट्टी होती, त्याच्यावर तिनं हात ठेवला. नोट परत देता येत नव्हती, आणि नाव घेतल्याबिगर ठेवता येत नव्हती. चहावाल्याची पाचाची नोट जिनं बिननावाची ठेवली नाही, ती माझी कशी ठेवणार. डब्यांचे आवाज थांबले होते. मी बांधलेले हात सोडले नाहीत.

शेवटी तिनं नोट उचलून कपाळाला लावली. तोंड उघडलं. नुसती हवा आली. मंगलानं डोळे मिटले. पार्वताबाईनं पुन्हा श्वास घेतला, आणि थंडीत सकाळी जीप कशी दोनदा घुरघुरते, बंद पडते आणि तिसऱ्यांदा धरते, तसं झालं.

"शालिकराम... ठोंबरे. मुक्काम दर्यापूर. यांच्याकडून मंडळाले..." इथं खोकला आला. मंगलानं पाणी पुढं केलं, तिनं ते बाजूला सारलं. "दहा रुपये बक्षीस. लय उशिरा. पन मंडळ आभारी आहे."

आणि थाप.

आवाज जाड होता, खाली गेलेला, पुरुषासारखा. पण अंजनगावची ती मोतीबिंदूवाली म्हातारी तिथं असती तर तिनं ओळखला असता. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा झोपेतून उठून विचारायला लागला, इथी भजन हाये का. मंगला हसत होती आणि पदर तोंडात कोंबत होती. मी बाहेर गेलो. जीप चालूच राहिली होती, ती बंद केली. मग उगाच टायरला लाथ मारून पाहिली. हवा बरोबर होती.

डॉक्टरनं सोडलं त्या दिवशी तिला घ्यायला मीच गेलो. मंगला मागं सामान घेऊन बसली, बाई पुढं, खंजेरी मांडीवर, पदर तोंडाला. दोन टिचक्या. चला. वाटेत म्हैसांग गावाच्या आधी मी टेप लावला. तिचीच पहिली कॅसेट, घासून घासून थोडी लहरत चालते, पण चालते. तिचा तेव्हाचा आवाज काचेसारखा वर गेला. मला वाटलं बंद करायला सांगेल, मी खंजेरीकडे लक्ष ठेवून होतो. टिचकी आली नाही.

पूर्णा नदीचा पूल आला. कॅसेटीत 'कोनाले' आलं, गुलाबरावाचं नाव आलं, थाप पडली. मंगलानं मागून ते नाव बरोबर म्हटलं. आणि 'मी भेऊ'ला बाजूनं अजून एक आवाज आला. पार्वताबाईनं पदर तोंडावरून काढला होता. गाडीत, उघड्या खिडकीशी, धुळीत. वर जायचा तिनं प्रयत्नच केला नाही. वरचं त्या कॅसेटीतल्या बाईला गाऊ दिलं आणि आपण दोन सूर खाली राहून ओळीचं शेवटचं टोक तेवढं धरत गेली, जसं झील धरणाऱ्या बाया तिच्यामागं आयुष्यभर धरत आल्या होत्या.

रस्ता मोकळा होता. मी गाडी तिसऱ्या गेरातच ठेवली. चौथा टाकला असता तर दर्यापूर लवकर आलं असतं.